फाईल नवऱ्याच्या नावाची

आमच्या दवाखान्यातल्या फायलींच्या लोखंडी कपाटात एकही पुरुष नव्हता. अनिता, आशा, कविता, ज्योती, मंगल, रुक्मिणी, शोभा, सगळ्या बायका. नांदेडच्या त्या वंध्यत्व केंद्रात मी सतरा वर्षं समन्वयक होते. डॉक्टरांनी उपचार करायचे, लॅबनं लॅबचं काम करायचं आणि या दोघांच्या मधलं सगळं मी करायचं, असं त्या पदाचं स्वरूप. कुणी कधी यायचं, कोणतं इंजेक्शन किती वाजता घ्यायचं, कोणत्या कागदावर कुणाची सही हवी, याच्या याद्या माझ्याकडे असत. याद्या करायची मला खोडच आहे. घरी किराण्याची यादीसुद्धा मी दुकानातल्या मांडणीच्या क्रमानं करते.

तर ते कपाट. दोष फक्त नवऱ्याचा असला, बायको ठणठणीत असली, तरी फाईल बायकोच्या नावानंच निघायची. नवऱ्याचे रिपोर्ट तिच्या सोनोग्राफीच्या मागे टाचून ठेवायचे. याबद्दल मी बऱ्याच बैठकांत बोलले. "मॅडम, पद्धत आहे," एवढंच उत्तर मिळायचं.

माझ्या यादीतला पहिला नियम होता, 'नवरा आधी'. तो कुठून आला ते सांगते.

भूकंप झाला तेव्हा मी लातूरला एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन होते. नवीनच लागले होते. त्यानंतरच्या वर्षी बायका येऊ लागल्या. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या आणि त्या पहाटे लेकरं गेलेल्या. नस परत जोडून घ्यायची म्हणून ऑपरेशनआधीच्या रक्ताच्या तपासण्यांसाठी त्या आमच्याकडे यायच्या. औसा तालुक्यातली एक होती, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. दोन मुलं गेली होती. तिची नस जोडली. तीन वर्षं वाट पाहिली. काही झालं नाही. मग नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. दुसरीलाही दिवस राहिले नाहीत, तेव्हा तो पहिल्यांदा आमच्याकडे वीर्यतपासणीला आला. मी सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली. एकही शुक्राणू नव्हता. दुसऱ्यांदा नमुना घेतला, तरी तेच.

"कधी मार लागला होता का?" मी विचारलं.

"त्या दिवशी तुळई पडली व्हती मांड्यावर," तो खाली बघत म्हणाला. "लई सुजलं व्हतं. पर लेकरं गेली, त्यात ह्ये कुणाला सांगायचं?"

त्याच्यावर चिडता येईना. पण तिचं पोट दुसऱ्यांदा कापण्याआधी याला एक डबी हातात द्यायचं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नव्हतं. दोन मुलांचा बाप, त्याला काय तपासायचं, असंच सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. तिचं रक्त मीच काढलं होतं, तेव्हा विचारू शकले असते. ती पुढे माहेरी गेली. त्यानंतर तिचं काय झालं ते मला माहीत नाही.

म्हणून 'नवरा आधी'. हा नियम लिहायला सोपा, पाळायला महाकठीण. तपासणी म्हणजे काय, तर तीन दिवस पथ्य पाळायचं, बंद खोलीत डबीत नमुना द्यायचा आणि खिडकीतून लॅबला पोचवायचा. सुई नाही, भूल नाही, टाका नाही. बायकोला पंधरा इंजेक्शनं घ्यायला लावणारे धिप्पाड गडी त्या डबीला घाबरायचे. "आमच्या खानदानात असं कुणाला न्हाई." "आधी हिचं समदं होऊ द्या, मग बघू." शिरूर अनंतपाळकडचे एक गृहस्थ तर धाकट्या भावाला घेऊन आले आणि म्हणाले, "मला येळ न्हाई मॅडम, ह्याचं घ्या. रगत एकच हाय." भाऊ तयार होता. मी दोघांना बसवून पाऊण तास समजावलं. शेवटी भाऊ म्हणाला, "म्हंजे ल्योक माझा धरतेत?" मग दोघं एकमेकांकडे न बघता निघून गेले.

आता मूळ गोष्टीकडे येते. तोवर लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. चौकाचौकात गुणवंतांचे फोटो, गल्लोगल्ली मेस, प्रत्येक जुन्या घरावर वसतिगृहाचा मजला. अशा एका मोठ्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे माधव सर. नाव बदललं आहे, बाकी काही बदललेलं नाही. वय चाळिशीला टेकलेलं. बायको सुनंदा, शाळेत शिक्षिका. लग्नाला अकरा वर्षं. त्यातली नऊ वर्षं सुनंदाबाईंनी औषधं घेतली, दुर्बिणीतून तपासणी करून घेतली, गुरुवार धरले, सोमवार धरले. सरांनी काहीच धरलं नव्हतं.

लातुरात दवाखाने असताना हे नांदेडला का आले, ते पहिल्याच भेटीत कळलं. सरांनी सोलापूरचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट काढून दिला. त्यावर नाव होतं, रमेश.

"हे रमेश कोण?"

"मीच."

"तुम्ही तर माधव."

"मॅडम, सोलापुरात माझे तीन विद्यार्थी लॅब चालवतात. लातुरात किती ते मोजलेलं नाही. तोंडाला रुमाल बांधून गेलो होतो."

सुनंदाबाई भिंतीवरच्या बाळाच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. म्हणाल्या, "रुमाल माझाच होता. घरी आल्यावर तो मला धुवायला लावला."

रमेशचा रिपोर्ट मी घेतला नाही. दुसऱ्याच्या नावाचा कागद फाईलला लावता येत नाही. तपासणी पुन्हा केली. निरोगी पुरुषाच्या नमुन्यात शुक्राणूंचा आकडा कोटींत जातो. सरांच्या नमुन्यात ते शोधावे लागले. होते, हलतही होते, पण अगदी मोजके.

अशा जोडप्यांसाठी इक्सी असते. साध्या टेस्ट ट्यूब पद्धतीत एका स्त्रीबीजाभोवती हजारो शुक्राणू सोडतात, ज्याच्यात दम असेल तो आत शिरतो. इक्सीत ही शर्यत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एक चांगला शुक्राणू निवडायचा, केसाहून बारीक काचेच्या सुईत ओढायचा आणि थेट बीजात सोडायचा. जितकी बीजं, तितके शुक्राणू पुरतात. हे मी सरांना पहिल्या भेटीत सांगितलं, दुसऱ्या भेटीतही सांगितलं. दोन्ही वेळा ते मोबाईलवर कुठल्यातरी परीक्षेची उत्तरपत्रिका तपासत होते आणि "हो, हो" म्हणत होते.

सरांनी आधी एकदा येऊन नमुना गोठवून ठेवावा, म्हणजे ऐन दिवशी काही अडलं तर तो वापरता येईल, असंही मी सांगितलं. तीनदा तारीख दिली. पहिल्यांदा टेस्ट सिरीज होती, दुसऱ्यांदा पालकसभा, तिसऱ्यांदा पुन्हा टेस्ट सिरीज. मी नाद सोडला. ही माझी चूक. नमुना गोठवल्याशिवाय बायकोची इंजेक्शनं सुरू करायची नाहीत, हा नियम तेव्हा यादीत नव्हता. आता आहे.

बीजं काढायचा दिवस उजाडला. सुनंदाबाई, सर आणि सरांच्या आई आल्या. आईंना सगळे अक्का म्हणत. अक्कांना घरून एवढंच सांगितलेलं की सुनेचं ऑपरेशन आहे आणि मुलाची सही लागते. प्रतीक्षागृहात त्या शेजारणीला सांगत होत्या, "पोरगं माझं देव हाय बघा. दुसऱ्यानं कवाच सोडली असती. ह्यो हिच्यासाठी कलास बुडवून आलाय." हे ऐकत मी पाच फूट अंतरावर उभी. रुग्णाचं गुपित सांगता येत नाही. दात आवळून धरायची सवय मला या नोकरीनं लावली. डेंटिस्टनं नंतर विचारलंही, दाढा एवढ्या कशानं झिजल्या?

नऊला सुनंदाबाईंना भूल दिली. साडेनऊपर्यंत आठ बीजं निघाली. त्यांना थांबायला वेळ नसतो. दुपारी दोनच्या आत काम झालं पाहिजे, असं लॅबनं सांगितलं. पुढची पायरी सरांची.

आता माझा दुसरा नियम. नमुन्यांची अदलाबदल हा या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. म्हणून मी ठरवून दिलं होतं की लॅबमधल्या माणसानं स्वतः खिडकीशी यायचं, पुरुषाला त्याचं पूर्ण नाव आणि बायकोचं नाव मोठ्यानं विचारायचं, डबीवरचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि मगच डबी द्यायची. मोठ्यानं हा शब्द मी लाल शाईनं लिहिला होता. खिडकी प्रतीक्षागृहातच होती. इतकी वर्षं ते मला खटकलं नव्हतं.

लॅबमध्ये आमच्याकडे रेखा नावाची एम्ब्रिऑलॉजिस्ट होती, म्हणजे हे सुईचं काम करणारी. तिशीची, किनवटकडची, वसतिगृहात राहून शिकलेली. हात असा स्थिर की बघत राहावं. ती टोपी-मास्क घालून खिडकीशी आली, डबीवरचं नाव खणखणीत वाचलं, समोर बघितलं आणि मास्क खाली करून म्हणाली, "सर? तुम्ही?"

प्रतीक्षागृहातली चार-पाच डोकी वळली. अक्कांचंही. सरांनी हातात घेतलेली डबी खिडकीच्या फळीवर परत ठेवली आणि चालू पडले. मला वाटलं, बाथरूमला गेले असतील. दहा मिनिटांनी फोन लावला. बंद.

"टेस्ट असंल त्याची," अक्का म्हणाल्या. "सही तर झाली ना? मग आता त्याचं काय काम?"

पळालेले नवरे कुठे सापडतात याचीही माझ्याकडे यादी आहे. समोरचं मेडिकल, कोपऱ्यावरची चहाची टपरी, गुरुद्वाऱ्याचा लंगर, बसस्टँड. एकदा एक जण लंगरात दुसऱ्या पंगतीला बसलेला सापडला होता. मी रेखाला विचारलं, "हे तुला ओळखतात?"

"माझे मास्तर आहेत," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "लातूरला होते ना मी बारावीला. ताई, माझ्या तोंडून निघून गेलं. मी नियमानंच वाचलं."

नियम माझाच होता. मी रिक्षा केली आणि थेट बसस्टँड गाठलं. मेडिकल आणि टपरी मी येतानाच वगळली होती, कारण सर लातूरचे होते आणि लातूरची बस दर अर्ध्या तासाला सुटते.

पहिल्या बसमध्ये नव्हते. दुसरीत होते, खिडकीशी, पेपर उघडा धरून. मी शेजारी बसले.

"सर, उतरा."

"मॅडम, तुम्ही जा. आपण पुढच्या महिन्यात बघू."

"आठ बीजं निघाली आहेत. ती पुढच्या महिन्यापर्यंत टिकत नाहीत. सुनंदाबाईंनी अकरा दिवस इंजेक्शनं घेतली आहेत. आता त्यांना शुद्ध येईल आणि त्या विचारतील, सर कुठे आहेत. काय सांगू?"

ते पेपरची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "ती माझी विद्यार्थिनी आहे."

"माहीत आहे."

"माझ्या वर्गात टेस्टचे मार्क खालून वर वाचतात. सगळ्यात कमी ज्याचे, त्याचं नाव आधी. उभं राहायचं, सगळ्यांनी बघायचं. त्यानं पोरं सुधारतात असं मी पंधरा वर्षं सांगत आलोय. त्या पोरीला पहिल्या टेस्टला तीन मार्क पडले होते. शंभरपैकी तीन. मी तिला उभं केलं आणि म्हणालो, किनवटच्या जंगलात परत जा, मोहफुलं वेचायला बरी." त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. "हे तिला आठवत नसेल असं तुम्हाला वाटतं का?"

"आठवत असेलच."

"मग? आज तीच माझे मोजणार."

कंडक्टर आला. "बाई, लातूर का?"

"मी उतरणार आहे."

"आन् हे?"

"हेही."

"मी न्हाई उतरत," सर म्हणाले.

"बसायचं का उतरायचं, ते दोघं मिळून ठरवा, घरचं भांडण गाडीत नगं," असं म्हणून कंडक्टर पुढे सरकला.

माझा संयम संपला होता. मी म्हणाले, "सर, मोजायचं कुणाला काही पडलेलं नाही. आम्हाला आठ पाहिजेत."

"आठ काय? कोटी?"

"आठ. आठ नग. आठ बीजं, आठ शुक्राणू. हे मी तुम्हाला दोन वेळा सांगितलं आहे आणि तुम्ही दोन्ही वेळा हो म्हणालात."

भौतिकशास्त्राच्या माणसानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गणिताची मांडणीच बदलली. "फक्त आठ?"

"तुमच्या भाषेत, मेरिट लिस्ट लागायची नाही. नुसतं पास व्हायचं आहे."

ते उठले. गाडी तोवर हलली होती. कंडक्टरनं घंटी मारून थांबवली आणि उतरताना मला म्हणाला, "बरं केलं बाई. घरला न्या त्यांना."

दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. मी रेखाला आत गाठून म्हटलं, "तू मागे राहा, खिडकीशी दुसऱ्या कुणाला पाठवते." ती म्हणाली, "नको ताई. मीच जाते." मी तिला अडवायला हवं होतं की नको, हे ठरवायला वेळ नव्हता.

ती खिडकीशी आली. मास्क वर. सरांसमोर तिनं कागद आणि पेन सरकवलं आणि हळू म्हणाली, "सर, तुमचं नाव आणि बाईंचं नाव लिहून द्या. डबीवरच्याशी मी जुळवून घेते. तुमचं अक्षर मला ओळखू येतं."

सरांनी लिहिलं. तिनं जुळवलं. डबी दिली. प्रतीक्षागृहात कुणाला काही ऐकू गेलं नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे नाव लिहून घेतात. नियम रेखानं बदलला, सही माझी आहे.

नमुना वाईट होता. रेखा पावणेदोन तास सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसली. आठवा तिला सापडला नाही. सात बीजांत सात सोडले, एक बीज तसंच राहिलं. बाहेर आली तेव्हा सर भिंतीला टेकून उभे होते, टेस्टचा निकाल लागायच्या आधी पोरं उभी राहतात तसे. तिनं घडी केलेली चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि आत गेली. सरांनी ती बऱ्याच वेळानं उघडली. मी वाचली नाही. सातच लिहिलं असणार.

सातांतले चार गर्भ झाले. दोन सुनंदाबाईंच्या गर्भाशयात सोडले, दोन गोठवले. चौदा दिवसांनी रक्ताची तपासणी. नाही राहिलं.

मी ते तिघांना बाजूच्या खोलीत सांगणार होते. पण अक्का खोलीत येईनात, प्रतीक्षागृहात खुर्चीतच बसून राहिल्या आणि सुनंदाबाईंचा चेहरा बघूनच सगळं समजल्या. "मला ठावंच व्हतं," त्या भरल्या प्रतीक्षागृहात म्हणाल्या. "हिच्यातच खोट हाय. किती डाक्टर केले तरी खडकावर काय उगवायचं?"

सुनंदाबाई पर्सची चेन उघडझाप करत राहिल्या. नऊ वर्षांची सवय.

सर उभे राहिले आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो त्या आवाजात म्हणाले, "आई, खोट हिच्यात नाही. माझ्यात आहे. हिचे सगळे रिपोर्ट पहिल्यापासून चांगले आहेत."

अक्का म्हणाल्या, "काय बोलायलास तू? लोक बसलेत."

"बसले आहेत म्हणूनच सांगतोय." मग ते माझ्याकडे वळले. "मॅडम, ती फाईल हिच्या नावाची का आहे? पेशंट मी आहे."

माझ्याकडे या प्रश्नाचं वर्षानुवर्षांचं उत्तर तयार होतं, पद्धत आहे. ते मी दिलं नाही. नवीन कव्हर घेतलं, मोठ्या अक्षरात माधव सरांचं नाव लिहिलं, खाली 'पत्नी सुनंदा' आणि फाईल स्वतःच्या हातानं 'म'च्या कप्प्यात मंगलच्या नंतर ठेवली. सुनंदाबाई काउंटरशी येऊन ती ठेवताना बघत होत्या. पर्सची चेन थांबली होती.

चार महिन्यांनी गोठवलेले दोन गर्भ सोडले. पुन्हा चौदा दिवस. तपासणीच्या दिवशी दोघंच आले, अक्का नव्हत्या. लॅबमधून रिपोर्ट माझ्या हातात पडला. राहिलं होतं. मी दोनदा वाचला. आता नियमाप्रमाणे फाईलमध्ये नोंद करायची, डॉक्टरांची सही घ्यायची आणि मग सांगायचं. मी कपाटाशी गेले. 'म'चा कप्पा उघडला. मंगल होती, मीना होती. माधव नव्हते.

मी सगळा कप्पा उपसला. वरचा, खालचा. काचेपलीकडे सर आणि सुनंदाबाई माझ्याकडे बघत होते. आधी बसून, मग उभे राहून. मला इतका वेळ लागतोय म्हणजे काय असणार, हा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होता. शेवटी मी रिसेप्शनवरच्या मुलीवर ओरडले.

"ती होय?" ती म्हणाली. "'स'मध्ये ठेवली. कव्हरवर चुकून पुरुषाचं नाव पडलं होतं, म्हणून मी नवीन कव्हर घालून नीट केली."

तिचं ते कव्हर मी तिथंच फाडलं. मग फाईल तशीच उघडी, कव्हराशिवाय, काखेत घेतली आणि डॉक्टरांची सही न घेताच बाहेर गेले. नियम मोडण्याची ती माझी एकमेव नोंद आहे. सुनंदाबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सगळ्यात आधी, मी काही बोलायच्या आत, विचारलं, "फाईल सापडली का?"

"सापडली," मी म्हणाले. "दोघं बसा, सांगते."